घराचे झरोके : आपण पाडावेत की गवंडी लावावा?

घर बांधताना आपण भिंतीचा विचार करतो, स्लॅबचा विचार करतो, दाराच्या लाकडाचा आणि फरशीच्या रंगाचाही विचार करतो. परंतु घरातील हवा कोठून येणार आणि कोठून जाणार, याचा विचार फार थोड्या घरांत होतो. राहायला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, कपड्यांना कुबट वास लागतो, लहान मुलांचा खोकला हटत नाही. मग भिंतीला झरोका हवा होता हे लक्षात येते आणि पुढचा प्रश्न उभा राहतो. हे भोक आपण स्वतः पाडावे की पैसे देऊन माणूस लावावा? दिसायला प्रश्न किरकोळ आहे, पण त्यात घरातल्यांचे आरोग्य, भिंतीची मजबुती आणि खिशातील पैसा या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडा सविस्तर विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

जुनी घरे आणि नवी घरे

आपल्या सांगली-सातारा भागातील जुन्या माळवदाच्या घरांना छतात साणे असे. त्यातून उजेड खाली येई आणि चुलीचा धूर वर जाई. कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळत असे. त्या घरांत अडचणी पुष्कळ होत्या, पण हवा कोंडत नव्हती. पुढे सिमेंटचा स्लॅब आला. घर पक्के झाले, गळती थांबली, मात्र हवेचा वरचा रस्ता कायमचा बंद झाला. साणे गेले, त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

माधवनगरसारख्या यंत्रमागाच्या गावात आणखी एक गोष्ट घडते. मागाची खटखट आणि सुताची धूळ टाळण्यासाठी लोक खिडक्या लावून घेतात. माग चालतो त्या शेडमध्ये हवा थोडी दमट लागते, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. आठ-दहा तास अशा कोंदट जागेत काम करून माणूस घरी येतो आणि पुन्हा बंद खोलीत झोपतो. डास आणि चोर यांच्या भीतीने रात्री खिडकी लावायची, थंडी-पावसात तर लावायचीच. खिडकी कागदावर असते, पण रात्रीच्या आठ तासांत तिचा उपयोग शून्य. झरोक्याचे खरे महत्त्व येथे आहे. तो खिडकीची जागा घेत नाही, परंतु खिडकी बंद असते तेव्हाही तो उघडा असतो.

कोंडलेल्या हवेत काय होते?

चार माणसे एका खोलीत रात्रभर झोपली तर श्वास आणि घाम यांतून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. ते बाहेर गेले नाही तर थंड भिंतीवर बसते आणि तेथे बुरशी धरते. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच आहे. १४.२ किलोचे एक सिलिंडर जळून संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात सुटते. भाजी-भाताची वाफ त्याहून निराळी. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडही वाढत जातो. रात्री अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याचे डोके जड होते आणि डोळे मिटू लागतात, यात केवळ आळस नसतो, त्यात खोलीतील हवेचाही वाटा असतो.

याहून गंभीर गोष्ट क्षयरोगाची. रोग्याच्या खोकल्यातून सुटलेले जंतू हवेत तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात, कोंडलेली असेल तर त्याच खोलीतील दुसऱ्याच्या छातीत जातात. हे सत्य आपल्या भागाने जवळून पाहिलेले आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले आणि पुढे सांगली-मिरज रस्त्यावर वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात निघाले. तोवर जगभर या रोगावरचे मुख्य उपचार म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा. आज औषधे आहेत आणि ती पूर्ण घेतलीच पाहिजेत, पण घरातील इतरांना रोग लागू नये म्हणून हवेची गरज आजही तितकीच आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. परळच्या ज्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले, ती याच ट्रस्टची चाळ. म्हणजे गरिबाच्या घरात हवा-उजेड असावा ही गोष्ट चैनीची नसून सार्वजनिक आरोग्याची आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच मान्य झालेले होते.

आमच्या सांगलीत तर महापुराने हा धडा पुन्हा पुन्हा दिला. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर भिंती वाळण्यास ऊन आणि वारा दोन्ही लागतात. आत वारा फिरत नसेल तर वरून रंग दिलेली भिंतही आतून ओलीच राहते.

विनयपिटकातील वातपान

झरोक्याचा प्रश्न किती जुना आहे हे पाहावयाचे तर विनयपिटकातील चुल्लवग्ग उघडावा. त्यात शयनासनाविषयी म्हणजे राहण्याच्या जागेविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रारंभी विहारांना झरोके नव्हते, त्यामुळे आत अंधार होई आणि दुर्गंधी येई. तेव्हा भगवान बुद्धांनी तीन प्रकारच्या वातपानांना अनुज्ञा दिली : कठड्याचे, जाळीचे आणि गजांचे. पुढे या झरोक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा त्यांवर पडदा लावण्यास अनुज्ञा मिळाली. तरीही कडेने फट राहू लागली, तेव्हा झडप आली. अडचण दिसली की उपाय, उपायातून नवी अडचण आली की पुन्हा उपाय. बांधकामाकडे पाहण्याची ही रीत आजच्या कोणत्याही इंजिनिअरला मान्य व्हावी अशी आहे.

त्याच प्रकरणात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकीकत आहे. लोक विहाराचे बांधकाम मनापासून करीत आहेत हे पाहून आपणही करावे असे त्याला वाटले. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या आणि भिंत उभी केली. पण ते काम त्याला येत नव्हते. विटा वाकड्या बसल्या आणि भिंत पडली. त्याने दुसऱ्यांदा बांधली, ती पडली. तिसऱ्यांदा बांधली, तीही पडली. तेव्हा तो चिडून म्हणू लागला की, जे दान देतात त्यांच्या कामावर भिक्खू देखरेख करतात, मी गरीब म्हणून मला सांगायला कोणी येत नाही. ही गोष्ट बुद्धांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. तू गवंडी का लावला नाहीस, असेही विचारले नाही. त्यांनी नवकम्माची म्हणजे बांधकामावर देखरेख करण्याची जबाबदारी भिक्खूकडे सोपविण्यास अनुज्ञा दिली. काम लवकर पुरे व्हावे आणि मोडतोड दुरुस्त व्हावी हे पाहणे हे त्या भिक्खूचे कर्तव्य ठरले.

आमच्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या हकीकतीत आहे. शिंप्याची भिंत पडली ती त्याने स्वतः बांधली म्हणून नव्हे, तर जाणकार माणूस शेजारी नव्हता म्हणून. आजही तसेच आहे. स्वतःच्या हाताने केलेले काम जाणत्याच्या नजरेखाली झाले तर टिकते, आणि पैसे देऊन करविलेले काम कोणीच पाहिले नाही तर तेही बिघडते.

भोक पाडण्यापूर्वी

प्रथम हवेचा नियम समजून घ्यावा. गरम हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास थंड हवा खालून यावी लागते. म्हणून एकच झरोका फारसे काम करीत नाही. एक खाली, फरशीपासून फूटभर उंचीवर, आणि दुसरा समोरच्या भिंतीत वर, स्लॅबच्या खाली फूटभर, अशी जोडी असावी. येण्याची वाट आणि जाण्याची वाट सारख्या मापाची ठेवावी. उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पाऊसही त्याच बाजूने झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या झरोक्यावर बाहेरून टोपी हवीच.

मापाचा हिशेबही पाहावा. कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या फरशीच्या एकदशांश असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. दहा फूट बाय दहा फूट खोलीला हे दहा चौरस फूट होतात. सहा इंच व्यासाच्या गोल भोकाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस इंच, म्हणजे चौरस फुटाचा पाचवा हिस्सा. दहा चौरस फूट भरून काढायचे तर अशी पन्नास भोके पाडावी लागतील! म्हणून ज्या खोलीला खिडकीच नाही, तिला दोन भोके पाडून समाधान मानू नये. तेथे खिडकीच काढली पाहिजे आणि ते काम गवंड्याचेच आहे.

मग भिंत ओळखावी. भिंतीवर बोटाने ठोकून किंवा दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजून ती साडेचार इंची आहे की नऊ इंची, विटेची आहे की दगड-मातीची, हे पाहावे. कोपऱ्यात कॉलम असतो, स्लॅबखाली बीम असते आणि खिडकी-दाराच्या डोक्यावर लिंटेल असते. या तिन्हींना कधीही हात लावू नये. बोर्डापासून सरळ वर जाणारी आणि छताखालून आडवी जाणारी विजेची नळी कोठे आहे, नळाचे पाणी कोठून जाते, हे खडूने भिंतीवर आखून घ्यावे.

आपल्या हाताने होण्यासारखे काम

तळमजला, विटेची भिंत, चार ते सहा इंचांचे गोल भोक आणि मागे-पुढे कॉलम, बीम किंवा वायर नाही, एवढ्या गोष्टी जुळल्या तर हे काम धडधाकट माणसाने सोबतीला एकाला घेऊन करण्यासारखे आहे. विटांची सांधेमोड नीट असेल तर एवढ्या लहान भोकावरच्या विटा एकमेकींना धरून राहतात, लिंटेल लागत नाही.

आधी लांब बिटाने मध्यभागी एक बारीक भोक आरपार पाडावे. त्यामुळे बाहेरचा मध्य नेमका मिळतो आणि बाहेरून काही अडचण आहे का हेही कळते. मग दोन्ही बाजूंना वर्तुळ आखावे. त्या रेषेवर प्लास्टर छन्नीने हलके कापून घ्यावे आणि अर्धे काम आतून, अर्धे बाहेरून करावे. सगळे एकाच बाजूने ठोकत गेल्यास पलीकडच्या गिलाव्याचा मोठा पोपडा निघतो. घाव लहान घालावेत, घण वापरू नये. भोक तयार झाले की भिंतीच्या जाडीइतका पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवावा. त्याला बाहेरच्या बाजूस अर्धा इंच उतार द्यावा म्हणजे पाणी आत येणार नाही. कडेने एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू असा माल भरावा आणि सात दिवस पाणी मारावे. बाहेरून खाली तोंड असलेली पट्ट्यांची झडप, आतून डासांची जाळी आणि खालच्या झरोक्याला उंदीर-साप येऊ नये म्हणून जाड तारेची जाळी लावावी. जाळी काढता येईल अशी ठेवावी. धुळीने भरलेली जाळी म्हणजे बंद झरोकाच, म्हणून महिन्यातून एकदा ती धुवावी.

डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडाला चांगला मास्क हवाच, नुसता रुमाल पुरत नाही. वाळू-सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसात साचते. शिडी दुसऱ्याने धरल्याशिवाय चढू नये. ओल्या भिंतीवर किंवा अनवाणी ड्रिल चालवू नये.

जेथे माणूस लावलाच पाहिजे

दगड-मातीची भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती आतली व बाहेरची अशा दोन थरांची असते आणि मध्ये गाळ-चिपा भरलेल्या असतात. एक दगड काढला की वरचे दगड सरकू लागतात. तेथे जुन्या कामाचा जाणता गवंडीच हवा. चौकोनी जाळी किंवा खिडकी बसवायची तर वर लिंटेल आणि दोन्ही बाजूंना त्याला टेकू हवा, तेही गवंड्याचे काम. वरच्या मजल्यावर बाहेरून परात बांधावी लागते, तेथे हिंमत दाखवू नये. फ्लॅट असेल तर संस्थेची, भाड्याचे घर असेल तर मालकाची आणि सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याची परवानगी आधी घ्यावी. एक्झॉस्ट पंख्याची वायर इलेक्ट्रिशियननेच ओढावी. केवळ स्वच्छ गोल भोक हवे असेल तर कोअर कटिंगची यंत्रे घेऊन येणारे कारागीर आता शहरात मिळतात. त्यांचे काम थोड्या वेळात होते आणि भिंतीला हादरा कमी बसतो.

गॅस गिझरची गोष्ट मात्र सर्वांत निराळी आणि जिवावरची आहे. बंद बाथरूममध्ये गॅस जळतो तेव्हा तेथील प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीस गेलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असते. अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार वाचावयास मिळतात. येथे भोक पाडून भागेल असे कोणी समजू नये. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावेत आणि ते काम कंपनीच्या माहितगार माणसाकडून करून घ्यावे. स्वयंपाकघरात खालचा झरोका विसरू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो फरशीवर साचतो, वरच्या झरोक्यातून जात नाही.

जमा-खर्च

आम्ही बँकेत हिशेब लिहिणारी माणसे. म्हणून दोन्ही बाजू मांडून पाहू. स्वतः करताना मजुरी वाचते, पण ड्रिल, लांब बिट, छन्नी, चष्मा, मास्क, सिमेंटची पिशवी आणि दोन सुट्या खर्ची पडतात. दोन भोकांसाठी सगळे विकत घेतले तर बचत उरत नाही. गवंडी लावताना काम दोन तासांचे असले तरी त्याचा आणि बिगाऱ्याचा अर्धा दिवस तरी भरावा लागतो आणि एका घरासाठी तो यायला तयारही होत नाही. म्हणजे दोन्ही वाटा एकट्यादुकट्या घराला महाग पडतात. पाच-सहा घरांनी मिळून एकच दिवस ठरविला तर दोन्ही स्वस्त होतात. हत्यारे सगळ्यांची एक आणि गवंड्याचा दिवसही पुरा भरतो. मजुरी ठरविताना भोकांची संख्या, माप, उतार, जाळी, आतला-बाहेरचा गिलावा आणि राडारोडा उचलणे हे सर्व कागदावर लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता बादलीभर पाणी बाहेरून मारून पाहिल्यावरच द्यावा.

सर्वांत स्वस्त झरोका कोणता? जो घर बांधतानाच सोडला जातो तो. विटा रचताना पाइपचा तुकडा ठेवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आपल्यातील अनेक कुटुंबे रमाई आवास योजनेतून २६९ चौरस फुटांचे घर बांधतात. एकदशांशाच्या हिशेबाने त्याला सुमारे २७ चौरस फूट खिडक्या हव्यात. अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे येतात आणि घाईत जोते, भिंती, स्लॅब एवढेच डोळ्यांपुढे राहते. जोत्यावर भिंत चढण्यापूर्वी एक दिवस थांबून खिडक्या समोरासमोर येतात का, वरचे-खालचे झरोके सुटले का, हे कोणीतरी पाहिले पाहिजे.

हे 'कोणीतरी' कोण, हाच खरा प्रश्न आहे. आपल्या समाजात गवंडीकाम करणारे हात पुष्कळ आहेत, आयटीआय आणि इंजिनिअरिंग शिकलेली मुलेही आहेत. वैशालीच्या शिंप्याजवळ कोणी उभे राहिले नाही, तशी पाळी आपल्या कोणत्या कुटुंबावर का यावी? आमची नम्र सूचना अशी की संस्थेने एक ड्रिल, लांब बिट, दोन शिड्या आणि चष्मे विहारात ठेवावेत व वहीत नोंद करून सभासदांना द्यावेत. विद्यार्थी मित्रांनी एखाद्या रविवारी फूटपट्टी-टेप घेऊन आपल्या वस्तीतील घरांची मापे घ्यावीत. फरशी किती, खिडकी किती आणि रात्री उघडी किती, या तीन रकान्यांचा तक्ता पुरे. जेथे क्षयाचा रुग्ण आहे, लहान मूल आहे किंवा गॅस गिझर बाथरूमच्या आत आहे, ती घरे यादीत वर घ्यावीत आणि अनुभवी गवंडी बंधूंनी तेथे प्रथम जावे. पावसाळ्यापूर्वी हे काम झाले, तर पुढच्या वर्षी त्याच तक्त्यात चौथा रकाना घालता येईल : झरोका बसला की नाही.